वस्तादानं राखलेला डाव आणि शिष्यात ठेवलेली फट

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बारावीला आहे, दारव्हा तालुक्यात राहतो. दिवाळीच्या सुट्टीत दिवसा कापूस वेचायला जायचो आणि रात्री लाईन असली की दादाच्या लॅपटॉपवर 'जेड एम्पायर' खेळायचो. गेम संपला, पण आमच्या पारावरचं भांडण काही संपेना. त्यातला मास्टर ली किती वाईट? एक मित्र म्हणतो, 'मॉडर्न वॉरफेअर 2'मधला जनरल शेफर्ड जास्त नीच, त्यानं आपल्याच पोरांना गोळ्या घालून जाळलं. दुसरा 'रेड डेड रिडेम्पशन 2'मधल्या डच या टोळीनायकाचं नाव घेतो. आमच्या आबाजींनी गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "पन पानी त आला ना त्याच्यानं? एका पोराचा जीव गेला त गेला!" मला त्यांना उत्तर देता आलं नाही. शिवाय द्रोणाचार्यांनीही एकलव्याचा अंगठा मागितलाच होता. वस्ताद लोकही एक डाव राखून ठेवतात म्हणे. मग एकट्या लीलाच नावं काहून ठेवायची? तुम्ही कबड्डी शिकवता म्हणून तुम्हाला विचारतो. दहापैकी किती मार्क द्याल?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. हा गेम मी भाच्यासोबत बसून शेवटपर्यंत पाहिलेला आहे. इंग्रजी संवाद मी वाचायचे आणि बटणं तो दाबायचा. राजवाड्यातल्या त्या प्रसंगानंतर आम्ही दोघं बराच वेळ बोललो नव्हतो. म्हणून तुमचं पारावरचं भांडण मला अगदी महत्त्वाचं वाटतं.

बाकीच्या वाचकांसाठी गोष्ट थोडक्यात सांगते. ज्यांना हा गेम पुढे खेळायचा आहे त्यांनी पान उलटावं, कारण इथे सगळं गुपित फुटणार आहे. बायोवेअर कंपनीचा हा गेम 2005 साली एक्सबॉक्सवर आला, नंतर कॉम्प्युटरवर आणि मोबाईलवरही आला. जुन्या चीनच्या धर्तीवर रचलेल्या एका काल्पनिक साम्राज्यात तो घडतो. टू रिव्हर्स नावाच्या लहानशा गावात मास्टर ली लढायची कला शिकवतो आणि आपण त्याचे सगळ्यात लाडके शिष्य. गावावर हल्ला होतो, घरंदारं जळतात, गुरूला धरून नेतात आणि आपण त्याला सोडवायला निघतो. निघताना आपल्याला एवढंच माहीत असतं की ली हा खरं तर सम्राटाचा भाऊ सन ली आहे. डर्जच्या मठातल्या साधूंची कत्तल त्याला पाहवली नाही, म्हणून तो भावाच्या विरोधात गेला आणि त्या साधूंचं उरलेलं एक तान्हं लेकरू उचलून पळाला. ते लेकरू म्हणजे आपण. मजल दरमजल करत आपण राजवाड्यात पोचतो, सम्राट सन हाईला हरवतो, गुरूला सोडवतो. आणि तोच गुरू तिथल्या तिथे आपल्याला ठार मारतो. आपल्या लढण्याच्या पद्धतीत त्यानं लहानपणापासून एक फट मुद्दाम ठेवलेली असते. ती फक्त त्यालाच ठाऊक असते.

आता तुझ्या वस्तादाकडे येते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मी बी.पी.एड. केलं, तेव्हा आखाड्याच्या मातीशी रोजचा संबंध होता. वस्ताद सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो, हे मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं. या म्हणण्यामागे वस्तादाची भीती असते. उद्या चेला माजला, अंगावर आला, तर आपल्याकडे काहीतरी असावं एवढाच त्याचा हिशोब. हा कंजूषपणा मला आवडत नाही, पण त्यात चेल्याचं काही बिघडत नाही. त्याला नव्व्याण्णव डाव आले आणि ते नव्व्याण्णव पक्के आले. ज्या दिवशी दुसऱ्या कोणाकडून शंभरावा शिकेल त्या दिवशी तो पूर्ण होईल. मास्टर लीनं काही राखून ठेवलं नाही. त्यानं शिष्याच्या अंगातच खोट घातली आणि तिच्यावरून हात फिरवून ती बुजलेली दिसेल असं पाहिलं.

हे किती कठीण काम आहे ते मैदानावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्याकडे एक मुलगी होती, चढाईला फार चपळ. बोनस रेषेपर्यंत जायची, पाय टाकायची आणि परत फिरताना तिची मान अंगाच्या आधी वळायची. मान डावीकडे वळली की पाठोपाठ उजवा पाय मागे एकटा राहायचा. क्षणभराचीच गोष्ट, पण समोरचा कोपरा सांभाळणारी पोरगी हुशार असली की बरोबर तोच घोटा धरायची. मी तिला मध्यरेषेकडे तोंड न करता, समोरच्या संघावर नजर ठेवून मागे सरकायला लावलं. पहाटे धुक्यात, ओल्या मातीत, तेच तेच. तिला राग यायचा, रडू यायचं. हिवाळा सरला तेव्हा कुठे मान थांबली. त्या दिवसांत मला तिच्या मानेशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

खोट काढायला एवढी नजर लागते, तर खोट टिकवायलाही तेवढीच लागते. लेकराचं अंग मूर्ख नसतं. मार खाल्ला की ते स्वतःहून शिकतं. पाय दोनदा पकडला गेला की तिसऱ्यांदा तो आपोआप लवकर उचलला जातो. म्हणजे लीच्या शिष्याची फट कधी ना कधी आपली आपण बुजायला लागली असती, आणि तसं होऊ नये म्हणून लीला रोज पाहत राहावं लागलं असणार. सरावाला समोर कोणाला उभं करायचं, कोणता ठोसा त्या जागी बसू द्यायचा नाही, कोणत्या दिवशी शाबासकी द्यायची म्हणजे चूकच बरोबर वाटेल, हे सगळं त्याला ठरवावं लागलं असणार. गेममध्ये हे दाखवलेलं नाही. शिकवणारी बाई म्हणून मी ते त्यात वाचते आणि माझ्या अंगावर काटा येतो. चांगल्या गुरूकडे असते ती नजर, तो धीर, ती पहाटेची हजेरी या माणसाकडे पुरेपूर होती. ती सगळी त्यानं लेकराला मारण्याच्या कामी लावली.

आबाजींना माझा नमस्कार सांग. त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. 1972 चा दुष्काळ ज्यांनी अंगावर काढला, गिट्टी फोडली, मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी खाल्ली, त्या पिढीला पावसासाठी काय मोजावं लागतं हे आपण शिकवू नये. आपल्या भागात आजही कोरडवाहू कपाशी आणि तूर घेणारा माणूस मृग सरला की आभाळाकडेच पाहत असतो. गेममधल्या साम्राज्यातही लांबलेला दुष्काळ असतो. देवाधर्मानं काही होईना तेव्हा सम्राट आणि त्याचे दोन्ही भाऊ डर्जच्या मठावर चाल करून जातात, तिथल्या साधूंना कापतात आणि पाण्याची देवता असलेल्या वॉटर ड्रॅगनला मारून तिची शक्ती हाती घेतात. त्यातून पाऊस येतो. मेलेल्यांच्या आत्म्यांना पुढची वाट दाखवणं हेही तिचंच काम असल्यामुळे राज्यभर भुतं भटकायला लागतात ते वेगळं.

पण आबाजी, तारीख बघा. पाऊस आला तेव्हा तुमच्या गोष्टीतलं 'पोरगं' तान्हं होतं. ली त्याला मारतो तेव्हा ते हातापायानं धड, लढणारं माणूस झालेलं असतं. मधली सगळी वर्षं पाऊस पडतच होता. त्या मरणानं एका शेतात एक थेंब जास्तीचा पडला नाही. दुष्काळाचं कारण फार तर थोरल्या भावाला, सन हाईला, सांगता येईल, आणि तेही मी अर्धंच ऐकून घेईन. सन लीला 'ग्लोरियस स्ट्रॅटेजिस्ट' ही पदवी होती, चढाईचा आराखडा त्याच्या डोक्यातला. कत्तल पाहवली नाही हे तो सांगतो ते साफ खोटं. ती शक्ती स्वतःला हवी म्हणून त्यानं तिसऱ्या भावाला, सन किनला, हाताशी धरून थोरल्यावर हात उचलला. तो डाव फसला. सन किन मेला आणि त्याच्या आत्म्याला लीच्याच चिलखतात कोंडून सम्राटानं त्याला 'डेथ्स हँड' करून टाकलं. ली मात्र निसटला, आणि निसटताना ते बाळ घेऊन गेला, कारण पुढे सम्राटाला हरवायला त्याला त्या बाळाचा उपयोग होता. पाऊस या माणसाच्या हिशोबात कधी नव्हताच.

द्रोणाचार्यांचं मी समर्थन करणार नाही. आमच्या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधून येणाऱ्या, धनुष्यबाण धरणाऱ्या लेकरांना मी स्पर्धेत पाहते, तेव्हा तो अंगठा मला आठवतो आणि राग येतो. तरीही द्रोणांनी जे मागितलं ते उजेडात मागितलं. काय देतोय हे एकलव्याला ठाऊक होतं. तो नाही म्हणू शकला असता, आणि पुढे हजारो वर्षं लोकांना द्रोणांना जाब विचारता आला तो त्यामुळेच. लीनं मागितलं नाही, शिष्याला कळूही दिलं नाही. राजवाड्यात पडताना त्या शिष्याला एवढंही कळत नाही की आपली चूक कुठे झाली, कारण त्याची चूक झालेलीच नाही.

शेफर्डवाल्या मित्राला सांग की त्याचा राग रास्त आहे. 2009 च्या त्या गेममध्ये घोस्ट आणि रोच हे त्याच्याच हाताखालचे दोन सैनिक जीव तोडून माहिती घेऊन येतात, जनरल ती मागतो, हातात पडली की गोळी घालतो आणि दोघांना पेट्रोल टाकून पेटवून देतो. आपण रोचच्या डोळ्यांनी ते पाहतो म्हणून ते विसरता येत नाही. पण शेफर्ड हा वरिष्ठ अधिकारी. त्या पोरांना त्यानं खेळवलेलं, भरवलेलं नव्हतं. अणुस्फोटात त्याचे 30,000 सैनिक गेले आणि जगानं नुसतं पाहिलं, या दुःखातून तो सडत गेला. त्याचा गुन्हा भयंकर आहे, पण विश्वासघाताच्या मोजणीत मी त्याला लीच्या खालीच बसवेन.

डचचं प्रकरण मला जास्त जड जातं. गेमचा नायक आर्थर मॉर्गन याला त्यानं पोरवयात जवळ घेतलं, त्याला लिहायला-वाचायला मिळालं ते या टोळीतच. 1899 च्या त्या एका वर्षात डच तुकड्या-तुकड्यांनी ढासळतो, टोळीतल्या खुशमस्कऱ्या मायकाचं ऐकतो आणि तेलाच्या कारखान्यात आर्थर शिपायाच्या तावडीत असताना पाठ फिरवून निघून जातो. पण पहिल्या दिवशी आर्थरला घरात घेताना त्याच्या मनात हे नव्हतं. पुढे 1907 मध्ये डोंगरावर तो मायकालाच गोळी घालतो, म्हणजे आत कुठेतरी टोचत राहिलं असावं. डच प्रेमात नापास झाला. लीनं प्रेमाची नोंदच खोट्या वहीत केली. मला या तिघांत फरक करायचा तर मी एवढंच विचारेन की लेकरू पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्याच्या मनात काय चाललं होतं. शेफर्डला हा प्रश्न लागूच होत नाही, डच त्यातून सुटतो, ली सुटत नाही.

लीला आपल्याबद्दल थोडं तरी वाटत असेल का, हे तू विचारलं नाहीस, पण पत्राच्या सुरातून ते ऐकू आलं. वाटत असेलही. शिष्याचा त्याला अभिमान असतो, ते त्याच्या बोलण्यात दिसतं. मला त्यानं तो जास्तच वाईट वाटतो. मारलेल्या वॉटर ड्रॅगनच्या आत्म्याच्या मदतीनं आपण मरणातून परत येतो आणि शेवटी त्याच्यासमोर उभे राहतो, तेव्हाही तो जुन्याच गुरूच्या आवाजात समजावतो की स्वतःहून माघार घे, राज्य तुला वीर म्हणून आठवेल. तुम्ही ऐकलंत तर खरंच तुमचा पुतळा उभा राहतो आणि त्याची सत्ता निवांत चालते. पन्नास माणसं मारणाऱ्याला मी समजू शकते, पण मारलेल्या शिष्याचा पुतळा उभारून त्यावर हार चढवणाऱ्यापुढे मला शब्द सुचत नाहीत.

आणि तुमच्या पारावर डॉन स्टारचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? ती आपल्यासोबत त्याच शाळेत वाढते. ती त्याची स्वतःची मुलगी आहे, आणि त्यानं तिला ते कधी सांगितलं नाही. रोज तिला समोर पाहायचं, "मास्टर" म्हणून तिच्याकडून वाकून नमस्कार घ्यायचा आणि गप्प राहायचं. शिष्याच्या बाबतीत निदान त्याचा काही डाव होता म्हणू. इथे तर एक शब्द बोलला असता तर त्याचं काय गेलं असतं? गावात मुलगी म्हणून वाढलेल्या माझ्यासारखीला हेच जास्त लागतं.

मार्क मागितलेस तर देते. गुरू म्हणून दहापैकी दहा. राजघराण्यातला माणूस म्हणून सात, कारण तिथे थोरला भाऊ त्याच्या पुढे आहे. सन हाईच्या राज्यात जिवंत माणसांना चिरडून त्यांच्या आत्म्यांवर मातीचे सैनिक उभे केले जात होते. दोन्हींची बेरीज करून सरासरी काढू नकोस.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. असाच एक खेळ खेळल्यापासून तो त्याच्या कोचकडे जायला कुरकुर करतो. म्हणतो, "सर मले बी असंच शिकवत असतीन त?" खेळ बंद करू की कोचिंग? (एक आई, पुसद तालुका)

उत्तर : दोन्ही बंद करू नका, वहिनी. लेकरानं फार शहाणा प्रश्न विचारला आहे, त्याला रागावू नका. एक दिवस स्वतः मैदानावर जाऊन बसा. न कळवता गेलात तरी चालेल. चांगला कोच पालक आलेले पाहून चिडत नाही. मुलाला दुसऱ्या गावच्या शिबिराला, दुसऱ्या शिक्षकासमोर खेळू द्या आणि परत आल्यावर त्याचे सर काय म्हणतात ते ऐका. "तिकडे काय शिकलास ते दाखव" म्हणाले तर निर्धास्त राहा. माझ्या मुली जिल्ह्याला जातात तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या मार्गदर्शकांना त्यांचा खेळ पाहायला सांगते, मला न दिसलेली खोट त्यांना दिसते. मास्टर लीच्या शाळेत हेच नव्हतं. बाहेरचं जाणतं माणूस तिथे येऊन काही सांगेल अशी सोयच नव्हती.

एक मात्र लक्षात असू द्या. कोणीही शिक्षक "हे घरी सांगू नको" म्हणाला तर ते घरी सांगितलंच पाहिजे, हे मुलाला आजच सांगा. घरी बोलायला जमत नसेल तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, फोन फुकट लागतो. तो त्याच्या वहीच्या मागे लिहून ठेवा.

प्रश्न : जेड एम्पायरमध्ये दोन वाटा असतात, उघडा तळहात आणि बंद मूठ. मी बंद मुठीनं खेळले. म्हणजे मी मास्टर लीसारखीच झाले का? (अकरावी, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : नाही गं. उघड्या तळहाताची वाट सांगते की दुसऱ्याला आधार दे, मेळ राख. बंद मूठ सांगते की दुसऱ्याला आयतं देऊ नकोस, त्याला झगडू दे, तो आपल्या बळावर उभा राहील. ही कठोर शिकवण आहे, आणि गेममध्ये पुष्कळ लोक तिच्या नावाखाली निव्वळ दांडगाई करतात. पण तिच्या मूळ अटीवरही ली नापास होतो. त्यानं शिष्याला आपल्या बळावर उभं राहूच दिलं नाही. तुझ्या खेळात एखाद्या दुबळ्याला मदत न करता "उठ, तूच लढ" म्हणाली असशील तर ते लीपासून कोसभर लांब आहे. लोकांना लुटलं असशील, फसवलं असशील, तर मात्र ते मुठीच्या नावावर खपवू नकोस.

पुन्हा खेळलीस तर दुसऱ्या वाटेनं खेळ, आणि टू रिव्हर्समध्ये घाई करू नकोस. तिथे ली तुझी स्तुती करतो ती सगळी वाक्यं थांबून वाच. तो नेमकं कशाचं कौतुक करतो ते टिपून मला पाठव, पुढच्या अंकात त्यावर बोलू.